घाटमाथ्यावर डांगी गाय पाळताना : कोल्हापूरच्या नवख्या पशुपालकांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यात गाय घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ‘किती लिटर देते?’ हाच असतो, आणि दर दहा दिवसांच्या दूध बिलावर जेथे हजारो घरांचा बाजारहाट चालतो तेथे तो असणारच. डांगी गायीबाबत हा प्रश्न पहिला विचारला, तर उत्तर ऐकून माणूस तेथूनच परत फिरतो; कारण चांगली राखलेली डांगी गाय वासराचे पोट भरून दिवसाला साधारण दोन-तीन लिटर दूध देते, त्याहून अधिकाची हमी कोणी देऊ नये आणि कोणी देत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. ही जात दूध आणि ओढकाम अशा दुहेरी उपयोगाची आहे. तिची खरी किंमत मुसळधार पावसात टिकून राहण्यात, डोंगरउतारावर चरून पोट भरण्यात आणि चिखलात न थकता चालणाऱ्या बैलांत आहे. म्हणून आपल्या शिवारात पाऊस किती पडतो, जनावर फिरवायला रान किती आहे आणि बैलाला वर्षभर काम आहे का, हे तीन प्रश्न लिटरच्या आधी सोडवावेत.

आधी आपली जागा पाहावी

डांगीचे माहेर म्हणजे गुजरातमधील डांग जिल्हा आणि त्याला लागून असलेला नाशिक, अहिल्यानगर व ठाणे या जिल्ह्यांचा डोंगराळ पट्टा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, अकोले, शहापूर या तालुक्यांत महादेव कोळी, ठाकर आणि कानडी पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जनावरे जतन केली. भाताची खाचरे, चार महिने थांबण्याचे नाव न घेणारा पाऊस आणि त्यानंतर झपाट्याने वाळत जाणारे डोंगर अशा परिस्थितीत ती घडली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात हेच चित्र गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि शाहूवाडीच्या पश्चिम भागात दिसते, आणि डांगीचा विचार करायचा तो याच पट्ट्यात.

शिरोळ, हातकणंगले किंवा करवीरच्या उसाच्या सपाट रानात डांगी आणण्यात काही अर्थ नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर शिरोळकडे त्याचा दहावा हिस्सा पडला तरी बरे वर्ष मानतात; एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना एकच जनावर चालेल असे समजू नये. पूर्वेच्या कोरड्या भागासाठी खिल्लार आहेच. ते चपळ, लांब शिंगांचे आणि कोरड्या रानाचे जनावर आहे; मात्र 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवरील कायद्याला मान्यता दिल्यापासून चांगल्या खिल्लार खोंडाची किंमत शेतीच्या हिशेबात बसत नाही, ती शर्यतीच्या हिशेबात बसते. घाटाखाली सिंधुदुर्गाकडे कोकण कपिला ही आणखी एक नोंदणीकृत जात आहे. अंगाने ती लहान असून थोडक्या चाऱ्यावर भागवते, त्यामुळे ज्याला बैलाचे काम फारसे नाही आणि घरापुरतेच दूध हवे आहे, त्याने करूळ किंवा फोंडा घाट उतरून ती जरूर पाहावी. डांगी घ्यायची ती भाताची चिखलणी, शेणखत आणि घरचे दूध या तिन्हींसाठी मिळून.

दारात संकरित गाय असलेल्यांनी ती विकून डांगी घेऊ नये. संघाला घालायचे दूध संकरित गाय किंवा म्हैसच देणार. डांगी हा त्यांचा पर्याय नाही, आणि दूध विकून बँकेचा हप्ता भरण्याच्या विचाराने ती कर्जावर घेणे तर मुळीच शहाणपणाचे नाही.

जनावर ओळखावे कसे

डांगीचा बांधा मध्यम, भरलेला आणि जमिनीशी घट्ट असतो. कपाळ किंचित पुढे आलेले, शिंगे आखूड व जाड, नाकपुडी रुंद आणि स्वभाव शांत, किंबहुना काहीसा संथ असतो. रंगात पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके व पट्टे असतात आणि त्या मिश्रणावरून पशुपालक तिचे पारा, मणेरी, बहाळा असे प्रकार सांगतात; पाऱ्यात पांढरा रंग अधिक असतो, बहाळ्यात गडद रंग अधिक. रंगावरून दूध ठरत नाही, त्यामुळे विशिष्ट रंगासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरी पारख दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे खूर. डांगीचे खूर काळे, घट्ट आणि गारगोटीसारखे कठीण असावेत. पांढुरके, पसरट किंवा फटीत मऊ पडलेले खूर असलेले जनावर आपल्या चिखलात एका पावसाळ्यात लंगडेल. दुसरी म्हणजे कातडी. वशिंडापासून पाठीवर तळहात दाबून कंबरेपर्यंत ओढावा; अस्सल डांगीच्या अंगावर तेलकट ओशटपणा हाताला लागतो, तळहात उजेडात धरला तर चकाकतो आणि त्याला एक उग्र वास येतो. या स्रावामुळे पावसाचे पाणी केसांत मुरत नाही, थेंब पाठीवरून घरंगळून जातात आणि जनावर आतून कोरडे राहते. बाजाराच्या दिवशी जनावर धुऊन, कधी तेलाचा हात फिरवून उभे केलेले असते. म्हणून ही परीक्षा बाजारात न करता मालकाच्या गोठ्यात, शक्यतो सकाळी करावी.

खरेदी आणि वाहतूक

खरेदी दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत उरकावी. उन्हाळ्यात आणलेले जनावर प्रवासाने खचते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आणलेल्याला नवे पाणी, नवा चारा व नवे जंतू एकाच वेळी पेलावे लागतात. अकोले तालुक्यातील राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन दरवर्षी भरते. तेथे निवडक जनावरे एका ठिकाणी पाहायला मिळतात आणि ती पाळणाऱ्यांची गाठ पडते, म्हणून पहिल्या वर्षी केवळ पाहण्यासाठी व ओळखी करण्यासाठी जावे, सोबत पैसे नेऊ नयेत. पेठ वडगावच्या बाजारात डांगी म्हणून उभे केलेले एखादे ठिपकेदार जनावर दिसलेच, तर त्याच्या आई-वडिलांचा पत्ता मिळाल्याशिवाय त्याला हात घालू नये.

नवख्याने दोन गाभण किंवा दुसऱ्या वेताच्या, वासरासह असलेल्या गायी घेऊन सुरुवात करावी. एकटी गाय अनोळखी ठिकाणी बुजते आणि चरत नाही. वय दातांवरून पाहावे : दोन दाती कालवड स्वस्त पडते, पण डांगी उशिरा वयात येते व पहिले वेत साधारण चार वर्षांच्या सुमारास देते, तेव्हा आदात, म्हणजे अजून कायमचे दात न आलेली कालवड घेणाऱ्याने तेवढी वर्षे तिला नुसते पोसण्याची तयारी ठेवावी. दुभती गाय घेतली तर सलग दोन वेळचे दूध स्वतः उभे राहून काढवून पाहावे आणि चारही सडांची पहिली धार काळ्या कापडावर घेऊन गाठी दिसतात का, ते तपासावे. व्यवहार मधल्या दलालाने रुमालाखाली बोटे दाबून ठरवण्याची रीत अजून अनेक बाजारांत आहे. नवख्याने त्या रुमालात हात घालू नये. भाव उघड बोलून घ्यावा आणि पावती लिहून मागावी.

कानात बारा अंकी बिल्ला असल्याशिवाय जनावर घेऊ नये. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही, आणि मालकी आपल्या नावावर चढवण्याची नोंदही त्याच क्रमांकावर होते. वाहतुकीआधी तेथील पशुवैद्यकाकडून जनावर प्रवासास योग्य असल्याचा दाखला घ्यावा, लसीकरणाची नोंद पाहावी आणि एका मालवाहू गाडीत सहाहून अधिक मोठी जनावरे भरू देऊ नयेत. राजूरपासून कोल्हापूर साडेतीनशे किलोमीटरांहून लांब आहे. गाडीत खाली वाळू किंवा पिंजाराचा जाड थर असावा, जनावरे आडवी न बांधता गाडीच्या दिशेने बांधावीत आणि वाटेत निदान दोनदा थांबून पाणी दाखवावे. गाडी अडवली गेली तर कागदपत्रेच उपयोगी पडतात. ती चालकाजवळ तर द्यावीतच, पण एक संच स्वतःजवळही ठेवावा.

घरी आणल्यावर 21 दिवस नव्या जनावरांना जुन्या जनावरांपासून वेगळे बांधावे. त्यांचे पाणी, गव्हाण आणि शक्य तर धार काढणारा माणूसही वेगळा असावा. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाने ज्यांचे गोठे रिकामे केले, त्यांना या तीन आठवड्यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

गोठा

गोठ्यावर फार खर्च करू नये. घाटमाथ्यावर पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो, म्हणून त्या बाजूला पूर्ण भिंत, पूर्वेला मोकळे, छप्पर उतरते आणि पागोळ्या गोठ्याच्या चराबाहेर पडतील एवढे पुढे आलेले असावे. एका मोठ्या जनावराला साधारण चार चौरस मीटर जागा पुरते. गुळगुळीत काँक्रीट मुळीच करू नये. दगडी फरस किंवा मुरूम ठोकून केलेली जमीन मूत्राच्या चराकडे हलका उतार देऊन घ्यावी. डांगीला पाऊस सोसतो. सोसत नाही ते ओलसर, बंद, वाफ धरलेल्या गोठ्यात दिवसभर बांधून राहणे. पावसात चरून आलेल्या गायीला रात्री बसायला कोरडी जागा मिळाली पाहिजे, तिच्यासाठी एवढे केले तरी गोठ्याचे बहुतेक काम झाले.

वैरण : येथेच बहुतेकांचे गणित चुकते

अडीचशे किलो वजनाच्या गायीला पाण्याचा अंश वगळता दिवसाला सहा-साडेसहा किलो शुष्क खाद्य लागते. याचा अर्थ दहा-बारा किलो हिरवा आणि साडेतीन-चार किलो वाळला चारा. पावसाळ्यात आणि त्यानंतर मार्गशीर्षापर्यंत चांगल्या रानात पाच-सहा तास चरलेली डांगी हे बहुतांशी स्वतःच मिळवते, तेव्हा गोठ्यात रात्रीपुरते पिंजार टाकले की भागते. खरी परीक्षा माघापासून ज्येष्ठापर्यंत असते, आणि त्या काळासाठी चारा दिवाळीतच साठवून ठेवावा लागतो.

आपल्याकडे त्या दिवसांत दोन गोष्टी मुबलक मिळतात, भाताचे पिंजार आणि साखर कारखान्यांच्या हंगामात उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाने. दोन्ही स्वस्त, दोन्ही पोट भरणारी, आणि नुसत्या त्या दोनवर ठेवलेली गाय हळूहळू खंगते. वाड्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते. ते शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, त्यामुळे महिनोन्‌महिने वाड्यावर राहिलेल्या गायीची हाडे ठिसूळ होतात, माज लांबतो आणि व्यायल्यावर ती बसकण मारते. वाडे एकूण हिरव्या वैरणीच्या निम्म्याहून अधिक देऊ नये, ते कुट्टी करून थोडे सुकवून द्यावे आणि सोबत रोज 30-40 ग्रॅम खनिज मिश्रण व चिमूट-दोन चिमूट नव्हे, तर मूठभर नसले तरी 25-30 ग्रॅम मीठ द्यावे. बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि भातानंतरच्या ओलीवर चवळी घेतली, तर पेंडीचा खर्च निम्म्यावर येतो.

पिंजार सुधारण्याची पद्धत सोपी आहे, पण काटेकोर आहे. 100 किलो पिंजारास 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर देत शिंपडावा, पायाने दाबत जावे आणि ढीग प्लास्टिकने हवाबंद करून 21 दिवस ठेवावा. उघडल्यावर लगेच घालू नये. तास-दोन तास पसरून अमोनियाचा वास उडून जाऊ द्यावा आणि थोड्यापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांखालील वासरांना हे पिंजार देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी हे काम करावे, कारण ते पाणी प्यायलेले जनावर वाचवणे कठीण असते.

दुभत्या डांगीला शरीरपोषणासाठी एक किलो आणि प्रत्येक लिटर दुधामागे 400 ग्रॅम पेंड पुरे. दूध वाढेल या आशेने चार-चार किलो गोळी पेंड घालणारे लोक पाहण्यात येतात; गाय लठ्ठ होते, फळत नाही, आणि दूध जेथल्या तेथे राहते.

पावसाळा आणि रोग

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पाऊस सुरू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्याव्यात. लाळ्या खुरकताची लस दर सहा महिन्यांनी, लम्पीची वर्षातून एकदा आणि कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस द्यावी. देशी जनावराला रोग होत नाही ही समजूत गावोगाव पक्की बसली आहे. खरे एवढेच की गोचीडतापासारखे काही रोग ते संकरितापेक्षा चांगले झेलते, घटसर्प मात्र जात पाहत नाही.

आपल्या पट्ट्यातील सर्वात दुर्लक्षित त्रास म्हणजे यकृतातील चपटे कृमी. भातखाचरांच्या व ओढ्यांच्या कडेला असणाऱ्या गोगलगायींमधून त्यांचा प्रसार होतो. जनावर खाते पण अंगी लागत नाही, केस राठ होतात, शेण पातळ राहते आणि कधी जबड्याखाली पाण्याची थैली लोंबू लागते. ही थैली दिसेपर्यंत थांबू नये. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर शेण तपासून पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच या कृमींवरचे औषध द्यावे, कारण साध्या जंतनाशकाने ते मरतीलच असे नाही आणि काही औषधे गाभण गायीला चालत नाहीत. पाणथळ जागेतले गवत कापून आणायचे असेल, तर पाण्याबाहेरचा भाग कापावा व वाळवून द्यावा. जळवांसाठी चरून आल्यावर नाकपुड्या व खुरांच्या फटी रोज संध्याकाळी पाहाव्यात. दवाखाना लांब असेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते.

राधानगरी अभयारण्याच्या किंवा चांदोलीच्या कडेला राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. संरक्षित क्षेत्रात चराई करता येत नाही, आणि गव्यांच्या पाणवठ्यावर आपली जनावरे नेल्याने लाळ्या खुरकतासारखे रोग दोन्ही बाजूंना पसरतात. बिबट्याने जनावर मारले तर मृत जनावर जागचे हलवू नये आणि 48 तासांच्या आत वनविभागाला कळवावे. पंचनामा न झाल्यास भरपाई मिळत नाही.

वळू नसेल तर सारे व्यर्थ

दोन डांगी गायी आणल्या आणि गावात मिळेल त्या वळूने किंवा हाताशी असलेल्या जर्सीच्या रेतनाने भरल्या, तर तीन वर्षांत दारात डांगी उरत नाही. खरेदीच्या आधीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डांगीच्या गोठवलेल्या रेतमात्रा मागवून मिळतील का, याची खात्री करावी. माझे मत असे की एकट्याने गायी आणण्यापेक्षा एका वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून गायी आणाव्यात आणि एक चांगला वळू सर्वांत मिळून ठेवावा; त्याच्या वैरणीचा वाटा आधीच लिहून ठरवावा, कारण वळूच्या वैरणीवरून जेवढी भांडणे होतात तेवढी बांधावरूनही होत नसतील. वळू तीन वर्षांनी बदलावा, म्हणजे तो स्वतःच्या कालवडींवर येणार नाही.

डांगीचा माज अनेकदा मुका असतो. हंबरणे, उड्या मारणे दिसत नाही. सोट (चिकट स्राव) आणि किंचित सुजलेले निरण (योनीमुख) एवढ्यावरून ओळखावे लागते, म्हणून सकाळी व संध्याकाळी गाय बसलेली असताना मागून पाहण्याची सवय लावावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे आणि 21 दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवावे.

वेत, वासरू आणि दूध

गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा असतो. व्यायल्यावर वासराच्या नाळेला आयोडीन लावावे आणि पहिल्या तासाभरात चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहत वासराला उपाशी ठेवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. वार बारा तासांत न पडल्यास ओढून काढू नये, डॉक्टरांना बोलवावे. वासराला जंताचे पहिले औषध दहा-पंधरा दिवसांचे झाल्यावर द्यावे.

डांगी वासराशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू गेले की दूध गेले, असे धरूनच चालावे. म्हणून पहिले दोन महिने दोन सडांचे दूध वासरासाठी सोडावे आणि घरात दूध कमी पडले तरी त्यात हात घालू नये. दुधाला फॅट चारच्या वर लागते, पण दोन लिटर दूध डेअरीत घालून हाती फारसे काही येत नाही. तेच दूध घरी विरजून तूप केले आणि ओळखीच्या चार घरांना दिले तर दोन पैसे जास्त मिळतात. राज्य शासनाने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. त्याच सुमारास जाहीर झालेले प्रतिदिन 50 रुपयांचे अनुदान गोशाळांसाठी आहे. घरच्या दोन गायींच्या हिशेबात ते धरू नये.

खोंडाचे पुढे काय

दर दोन वासरांमागे एक खोंड होणार, आणि डांगीचा ताळेबंद त्या खोंडावर ठरतो. अडीच वर्षांच्या सुमारास खच्चीकरण करून त्याला हलके काम शिकवावे. आधी रिकामे जू, मग ओंडका, आणि भाताच्या चिखलात पूर्ण औत चौथ्या वर्षी. चालीने तो खिल्लारापेक्षा मंद असतो, पण गुडघाभर चिखलात, भर पावसात, पॉवर टिलर उतरत नाही अशा चिंचोळ्या खाचरांत तो दुपारपर्यंत एकसारखा ओढतो. अशी खाचरे जवळ असणाऱ्या शेतकऱ्यांना बैलजोडी भाड्याने देणे हा विक्रीपेक्षा भरवशाचा मार्ग आहे. आपल्या बाजारात बैलाची किंमत खिल्लाराच्या डोळ्याने होते, त्यामुळे आखूड शिंगांच्या ठिपकेदार खोंडाला तेथे रास्त भाव येत नाही.

म्हाताऱ्या जनावरांचाही विचार गाय आणण्याआधीच करून ठेवावा. 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा काम थांबलेला बैल शेवटपर्यंत आपल्याच दावणीला राहणार. त्याचे शेण-मूत्र खताच्या खड्ड्यात जाते आणि त्याची वैरण आपल्या गंजीतून जाते. ज्याच्याकडे एकरभर भातामागे वर्षाला दोन-तीन गाड्या खताची गरज आहे त्याला हा बैल जड होत नाही, ज्याच्याकडे जमीनच कमी आहे त्याने मात्र दोन गायींच्या वर जाऊ नये.